गरम चाक आणि थंड चाक

चि. भाच्यास,


घाट उतरून खोपोलीला आल्यावर ट्रेलरच्या मधल्या ॲक्सलचं डावं चाक धूर सोडायला लागलं, मिस्त्रीने लायनर बदलले, आठवडाभरात पुन्हा तोच वास, आणि आता तो ड्रमही नवा घाल म्हणतोय, असं तू लिहिलं आहेस. ड्रम घेण्याची घाई करू नकोस.

घाटाखालच्या गॅरेजांमध्ये एक रीत पडून गेली आहे. जे चाक तापलं ते खोलायचं, आतलं बदलायचं, पैसे घ्यायचे. पण ट्रेलरचं चाक तापण्यामागे दोन अगदी उलट कारणं असू शकतात. एकतर पेडल सोडल्यावरही त्याचा ब्रेक सुटत नाही. किंवा बाकीची चाकं अंगचोरपणा करतात आणि त्यांच्या वाटचं काम या एकट्यावर पडतं. पहिल्या प्रकारात तापलेलं चाक दोषी. दुसऱ्या प्रकारात तेच एकटं इमानाने राबत असतं, आणि त्यालाच खोललं जातं.

काम केवढं असतं याचा हिशोब करून पाहा. चाळीस टनांची भरलेली गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे सुमारे ५०० मीटर खाली येते. तेवढ्या उतारात तिने सोडलेली ऊर्जा विजेच्या भाषेत सुमारे ५४ युनिट होते. त्यातला काही भाग इंजिन, टायर आणि वारा घेतात. उरलेली सगळी उष्णता ड्रमांमध्ये जिरते. ती साऱ्या चाकांत वाटली गेली तर ठीक; तीन-चारांवरच पडली तर धूर निघणारच.

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ एक वयस्कर मिस्त्री आहे. गाडी आली की तो आधी पाना उचलत नाही. ड्रायव्हरला विचारतो, कुठल्या गियरमध्ये उतरलास? मग तापमान मोजायची बंदूक घेऊन गाडीभोवती फिरतो आणि प्रत्येक चाकाचा आकडा खडूने मडगार्डवर लिहितो. मोजतो ते ड्रमवर, रिमवर नाही. ड्रमपेक्षा हब जास्त तापलेला दिसला, तर ब्रेकचा विषय तिथेच सोडून तो बेअरिंगकडे वळतो. जळक्या ग्रीसचा वास जळक्या लायनरपेक्षा वेगळा असतो, हे त्याच्या पोरांनाही कळतं. आकडे लिहून झाले की आधी तो थंड चाकांपाशी जातो. घाट उतरून आलेल्या गाडीचा थंड ड्रम म्हणजे त्या चाकाला ब्रेक लागलाच नाही.

तिथे त्याचा खडू पुन्हा कामाला येतो. चाकांपुढे ठोकळे लावून, पार्किंग ब्रेक सोडून, हवेने ब्रेक लावणाऱ्या बूस्टरमधून बाहेर येणाऱ्या दांड्यावर अगदी तोंडाशी तो रेघ मारतो. केबिनमधला पोरगा ६ बार हवेवर पेडल पूर्ण दाबून धरतो. रेघ किती पुढे सरकली, ते तो पट्टीने मोजतो. नेहमीच्या ३० नंबरी बूस्टरला २ इंच ही हद्द. दांड्याची एकूण धावच अडीच इंचांची असते, आणि ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनर आणखी लांब पडतात. थंड गाडीला २ इंच लागणारा ब्रेक घाटाच्या मध्यावर पोचेपर्यंत संपलेला असतो. ड्रायव्हर सांगतो, ब्रेक फेल झाले. खरं तर ते यार्डातून निघतानाच हद्दीवर होते.

आता खरंच न सुटणारं चाक. ते जॅकवर उचलून हाताने फिरत नसेल, तर पेडल सोडलेलं असताना बूस्टरकडे येणारा सर्व्हिस पाइप हळूच ढिला करायचा. फुस्स करून हवा निघाली आणि चाक मोकळं झालं, तर रिले व्हॉल्व्ह हवा सोडत नाही. पुष्कळदा त्याच्या एक्झॉस्टच्या तोंडात चिखलच असतो. हवा निघाली नाही आणि चाक तरीही जाम, तर कॅमशाफ्टचे कोरडे बुश, तुटलेली रिटर्न स्प्रिंग किंवा जास्त आवळलेला स्लॅक (लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणारा ॲडजस्टर). तिसरी शक्यता पार्किंगच्या स्प्रिंगची. तिला हवेने दाबून ठेवलेलं असतं. ट्रेलरला हवा पुरवणाऱ्या लाल पाइपात गळती होऊन दाब ४ बारच्या आसपास आला, की ती चालत्या गाडीतही ब्रेक लावायला लागते. त्या स्प्रिंगचा बूस्टर मात्र कुणालाही हौसेने खोलू देऊ नकोस. ती उसळली तर माणूस जातो.

स्लॅक ऑटो असेल तर दर खेपेला पान्याने आवळणं बंद करायला सांग. जो स्वतःहून आवळायला हवा त्याला हाताने आवळलं की दोष दोन दिवस झाकला जातो, एवढंच.

एकच चाक न तापता अख्खा ट्रेलर तापत असेल, तर नजर घोड्याकडे, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीकडे वळवावी. घोड्याचे ब्रेक ढिले असले की अडवण्याचं सगळं काम ट्रेलरवर पडतं. काही ड्रायव्हर तर घोड्याचे लायनर वाचवायला उतारभर ट्रेलरचाच हाताचा व्हॉल्व्ह ओढून बसतात. असल्या काटकसरीत मालकांचाही हात असतो, हे तुला वेगळं सांगायला नको.

डिझेल वाचवण्याची काटकसर तर त्याहून वाईट. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने एकामागोमाग अनेक गाड्या ठोकल्या. आधी बोलबाला ब्रेक फेलचा झाला. पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं ते उतारावर इंजिन बंद केल्याचं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, एक्झॉस्ट ब्रेक बंद, आणि दर वेळी पेडल दाबलं की टाकीतली हवा कमी.

तेव्हा ड्रायव्हरला एवढं सांग: घाट ज्या गियरमध्ये चढतोस त्याच गियरमध्ये उतर, आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नकोस, तडा जातो. तू स्वतः पुढच्या खेपेला खोपोलीत उभा राहा, सगळ्या चाकांचे आकडे लिहून घे आणि मला पाठव. डाव्या मधल्या चाकाच्या जोडीचं उजवं चाक थंड निघालं, तर पहिला पाना तिथे लागेल. ड्रमचे पैसे तोवर खिशातच ठेव.

तुझा,
मामा