नकाराची वही

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मुंबईतल्या वित्तसंस्थांकडे उन्हाळी इंटर्नशिपसाठी मी ११ अर्ज केले. ९ ठिकाणांहून उत्तरच आले नाही. दोन मुलाखती झाल्या, दोन्हीकडे नकार! त्या रात्री मेसवर जेवायलाही गेलो नाही. फीसाठी काढलेले कर्ज डोळ्यांसमोर होते.

सुट्टीत दुधनीला घरी गेलो. दमणगंगेवरच्या मधुबन जलाशयात बाबा पर्यटकांसाठी होडी चालवितात. काठावर बसून त्यांना सारे सांगितले.

"प्रश्न तरी काय होता रे?"

"घसारा १० रुपयांनी वाढला आणि कर ३० टक्के असेल, तर हातातली रोकड किती बदलेल? मी म्हणालो, १० रुपयांनी घटेल."

बाबा हसले. "होडी दरसाल झिजते. पण त्या झिजेचे पैसे त्या वर्षी माझ्या खिशातून जातात कुठे?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! करपूर्व नफा १० रुपयांनी घटतो, म्हणून कर ३ रुपयांनी वाचतो. रोकड उलट ३ रुपयांनी वाढते!

तेव्हापासून एक वही केली आहे. ज्या प्रश्नावर अडलो तो प्रश्न आणि त्याचे उत्तर तीत लिहितो. ज्या ९ ठिकाणी मला कोणी पाहिलेच नाही, त्यांच्यासाठी मात्र स्वतःला दोष देणे सोडले आहे.

यंदा पुन्हा अर्ज धाडले आहेत. पुन्हा नकार आला तर वाईट वाटेलच. पण मित्रांनो, वहीत अजून पुष्कळ पाने कोरी आहेत.