गप्प बसलेल्या मुलीला मी स्टार दिला

महाडला ख्रिस्ती माणसं शोधावी लागतात. आमची मंडळी म्हणजे बिरवाडीच्या एमआयडीसीत कामाला आलेली काही कुटुंबं, दवाखान्यातल्या एक-दोन सिस्टर आणि माझ्यासारखे नगरकडून जिल्हा परिषदेच्या शाळांवर आलेले मास्तर-बाई. माझी शाळा पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर, बिऱ्हाड महाडला. रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये उपासना आणि त्याच वेळी मागच्या खोलीत मुलांचं संडे स्कूल. ते माझ्याकडे आलं, कारण ‘बाई शिक्षिकाच आहेत’. मलाही ते पटलं आणि मी प्रेम हा विषय परिसर अभ्यासासारखा घ्यायला लागले.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय मुलांकडून घोकून घेतला. भिंतीवर तक्ता लावला: डावीकडे मुलांची नावं, वर प्रीतीची लक्षणं, केलेल्या प्रत्येक चांगल्या कामाला एक सोनेरी स्टार. महिन्याअखेर ज्याचे स्टार जास्त त्याला कंपासपेटी. मुलं माझ्यापेक्षा हुशार निघाली. एकानं धाकट्या बहिणीच्या पेन्सिली माझ्या डोळ्यांदेखत खाली पाडल्या, गोळा करून दिल्या आणि हात वर केला, “टीचर, मी मदत केली.” मी हसले आणि स्टार दिला. तक्त्यात सगळ्यात मागे असलेली मुलगी आईच्या रात्रपाळीला लहान भावाचं सगळं बघायची, पण ते सांगायची गोष्ट आहे हेच तिला माहीत नव्हतं. मीही कधी विचारलं नाही. सगळं दान करूनही प्रीती नसेल तर काही लाभ नाही, असं ज्या अध्यायात आहे त्याच्यावर मी बक्षीस लावलं होतं!

मग २२ जुलै २०२१ आला. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तळीयेवर दरड कोसळली, पोलादपूरकडे केवनाळे आणि सुतारवाडीवरही. पाणी ओसरल्यावर घराघरात गाळ. पुण्या-नगरहून आमच्या मंडळीकडे धान्याची किट, चटया, बिस्किटं आली. वाटपाला मी मुलांना पुढे उभं केलं. हेतू वाईट नव्हता. मुलांना देण्याची सवय लागावी, एवढंच मनात होतं. पण पाठवणाऱ्यांना फोटो हवे होते. एका बाईला किट देतानाचा फोटो हलला. मी तिला म्हटलं, “मावशी, एकदा परत घ्या ना, मास्क जरा खाली करून.” तिनं किट परत दिलं, मास्क खाली केला, पुन्हा हात पुढे केला. पदराला गाळ लागलेला होता. रांगेत तिच्या मागे आमच्याच एका मुलाचा वर्गमित्र उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पुढे कधीतरी आमचा मुलगा सांगून गेला, “तो आता माझ्याशी बोलत नाही.” येशूच्या गोष्टीतल्या शोमरोनी माणसानं वाटेवरच्या जखमीला उचललं तेव्हा बघायला कोणी नव्हतं, हे ती गोष्ट दरवर्षी शिकवूनही माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

हे सगळं एकवेळ हौसेत गेलं म्हणता येईल. पुढचं मात्र तसं म्हणता येत नाही.

वर्गात दहा वर्षांची एक मुलगी होती. तिच्याहून मोठा एक मुलगा तिच्या रंगावरून बोलायचा, वेणी ओढायचा, दंडाला चिमटे काढायचा. वही फाडली तेव्हा ती माझ्याकडे आली. हातात फाटकी पानं, आणि बाही वर करून तिनं दंड दाखवला. चिमट्याच्या जागी डाग निळा पडला होता. त्या दिवशी माझा धडा नेमका क्षमेचा होता, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करण्याचा. मला वाटलं, देवानंच उदाहरण पाठवलं. दोघांना समोर उभं केलं. त्याला ‘सॉरी’ म्हणायला लावलं. त्यानं ते छताकडे बघत म्हटलं. तिला म्हटलं, “आता तू म्हण, मी तुला क्षमा केली.” ती गप्प. मी पुन्हा म्हटलं. सगळा वर्ग बघत होता. शेवटी ती पुटपुटली, हात मिळवला, आणि मी टाळ्या वाजवायला लावून तिच्या नावापुढे स्टार चिकटवला.

त्यानंतर तिनं तक्रार केली नाही. मी समजले, मिटलं. बऱ्याच महिन्यांनी तिची आई म्हणाली की रविवार उजाडला की हिचं पोट दुखतं. खोदून विचारल्यावर कळलं की त्याचे चिमटे कधी थांबलेच नव्हते. “बाई, तिनं तुम्हाला सांगितलं होतं म्हणे,” एवढंच आई म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी असं का केलं, याची दोन उत्तरं आहेत. एक सोज्वळ: मला लहानपणी असंच शिकवलं होतं. दुसरं खरं: त्या मुलाचे वडील मंडळीतले वजनदार गृहस्थ होते आणि वाद वाढवणं मला नको होतं. प्रेमाच्या नावाखाली मी स्वतःची सोय बघितली. हेच शाळेत घडलं असतं तर मी मुख्याध्यापकांना लेखी दिलं असतं. तिथे तक्रारपेटी आहे, सखी सावित्री समिती आहे. रविवारी मात्र मी हे सगळं हॉलच्या बाहेर चपलांबरोबर ठेवून आत जात होते.

नंतर मत्तयाचा अठरावा अध्याय पुन्हा वाचला. सत्तर गुणिले सातचं बोलणं येतं बाविसाव्या वचनात. त्याआधी, पंधराव्यापासून, सगळी रीत दिली आहे: भावानं अपराध केला तर त्याला एकांतात दाखव, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. म्हणजे क्षमेच्या आधी तक्रारीची सोय आहे. आमच्या धड्याच्या पुस्तकातला धडा एकविसाव्या वचनापासून सुरू व्हायचा. ते अमेरिकेतल्या पुस्तकाचं भाषांतर. त्यातली मुलं शेजाऱ्याच्या दारातला बर्फ काढून प्रेम दाखवतात. नारायण वामन टिळकांसारखा कवी मराठी मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ मासिकात लिहून गेला, तरी आम्ही महाडच्या मुलांना बर्फ शिकवत होतो.

मुलीची मी माफी मागितली, तिच्या आईसमोर. तिनं मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि या वेळी मी म्हणायला लावलं नाही.

माझे बाकीचे धडेही असेच अर्धवट होते. शोमरोनी म्हणजे कोण, असं एकानं विचारलं तेव्हा ‘दुसऱ्या गावचे लोक’ असं सांगून मी सुटका करून घेतली होती. विहिरीवर येशू ज्या शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, तिच्या हातचं पाणी यहुदी माणसानं पिणं म्हणजे काय, हे ज्या गावात सगळ्यात सोपं करून सांगता येईल त्या गावात मी राहते. चवदार तळं आमच्या हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळातला बोले यांचा ठराव १९२३चा. महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्यायले. मग परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली आणि त्यातल्या काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट याहून वेगळी काय आहे? आणि ही तर घराच्या पत्त्यासकट आहे. आणि २५ डिसेंबर १९२७ला इथे मनुस्मृती जाळली गेली. दर नाताळला क्रांतिस्तंभाकडे अभिवादनाला माणसं जातात, तेव्हा आमची मुलं गोठ्याच्या नाटकात मेंढपाळ झालेली असतात. मी त्यांना ही तारीख कधी सांगितली नाही. ‘उपासनेत राजकारण नको’ हे निमित्त. खरं म्हणजे आमच्या घरात पणजोबांच्या बाप्तिस्म्याआधीची गोष्ट कधी निघत नसे, आणि ती निघेल याची मला धास्ती होती.

आता मुलांना तळ्यावर नेते. पहिल्यांदा नेलं तेव्हा एका मल्याळी कुटुंबातल्या मुलानं विचारलं, “ज्यांनी मारलं त्यांच्यावर पण प्रेम करायचं का?” मी म्हटलं, करायचं, पण आधी त्यांच्या हातातली काठी काढून घ्यायची. त्यापुढचं मला नीट सांगता आलं नाही, अजूनही येत नाही. तक्ता काढून टाकला. वाटपाचे फोटो बंद केले, त्यावरून मंडळीत थोडी कुरबुर झाली आणि अजून आहे.

माझ्यासारख्या संडे स्कूल चालवणाऱ्यांना एक विनंती. मूल तक्रार घेऊन आलं की त्या दिवशीचा धडा मिटवून ठेवा. ते काय म्हणतं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्याच दिवशी त्याच्या आईबापांना सांगा. दुसरं मूल कोणाचं आहे, हे विचारू नका. आणि मत्तयाचा अठरावा अध्याय घ्याल तेव्हा पंधराव्या वचनापासून घ्या.