खर्ज कुठे गळतो

इअरफोनच्या डब्यात तळाशी एक प्लास्टिकची पुडी असते. तिच्यात रबराच्या दोन जोड्या, एक लहान, एक मोठी. मधल्या मापाची जोडी कंपनीने आधीच चढवलेली असते आणि बहुतेकांचा जन्म त्या मधल्यातच जातो. आपण पडलो मध्यमवर्गीय.

माझ्या मते मात्र इअरफोनचा निम्मा आवाज त्या पुडीत असतो. पटत नसेल तर तानपुरा लावून बघा. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यात खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्‌झला लागते. रबर सैल बसलं की पहिला जातो तो हाच सूर. वरच्या सुरांचं फटीमुळे फारसं अडत नाही. खालच्यांना मात्र रबरापासून कानाच्या पडद्यापर्यंतची हवा कोंडलेली लागते; फट राहिली की तिथला दाब टिकत नाही. तार ऐकू येते, सूर ओळखूही येतो, पण पितळेचं वजन गेलेलं असतं. त्यात लोकल करी रोड सोडून चिंचपोकळीकडे निघालेली असली, तर त्याच फटीतून चाकांची घरघर आत येते. माणूस आवाज वाढवतो आणि गवयाचा आवाज उगाच कर्कश होतो.

फोमचं रबर बोटांनी चुरगाळून कानात घालायचं, दुसऱ्या हाताने कानाची पाळ वर-मागे ओढायची आणि ते फुगेपर्यंत बोट दाबून धरायचं. फट छान बुजते. पण फोम वरचे सूर थोडे गिळतो, तानेची धार बोथट होते. शिवाय मुंबईच्या घामात तो लवकर कामातून जातो. सिलिकॉन धुता येतं, धारही राखतं. ऑक्टोबरात मात्र तेच घामाने निसटतं.

केसरबाई केरकरांच्या ७८च्या तबकड्या ऐकताना मी बेलाशक फोम लावतो. त्या मुद्रणांत खर्ज मुळातच तोकडा, आणि खरखर फोम परस्पर कमी करतो. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजरबरोबर अंतराळात गेली. तिथे कोण कुठलं रबर लावणार, देव जाणे.

दोन्ही कान एका मापाचे असतातच असं नाही. माझ्या डाव्या कानाला मोठं लागतं, उजव्याला मधलं. दोन्हीकडे मधलं लावलं की तानपुरा उजवीकडे कलतो. लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात अजून लॅमिंग्टनच) रबरं घ्यायची तर हे माहीत असलेलं बरं.

एवढं जुळवूनही दादरला उतरून वडापाव तोंडात घातला की जबडा हलतो, त्याबरोबर कानाची नळी आकार बदलते आणि खर्ज पुन्हा गळायला लागतो. शिवाय बंद कानात स्वतःच्याच चावण्याचा आवाज घुमतो. अशा वेळी मी मालकंस थांबवतो. वडा गरम खायचा असतो.