उल्का पडली की काय उरतं?

आमच्या सोसायटीत २६ जानेवारी म्हणजे झेंडावंदन, गरमागरम वडा-सांबार आणि स्पीकरवर हमखास 'वेडात मराठे...' यंदा सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं. (मास कॉमची डिग्री असली की सोसायटीवाले बिनदिक्कत तुमच्या हातात माइक देतात!) चार दिवस आधी आजीसमोर प्रॅक्टिस करत होते, "रणात कोसळलेल्या त्या तेजस्वी उल्का..." वगैरे.

आजी शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "उल्का पडली की मागं काय उरतं गं?"

आजीचा थोरला भाऊ १९७१च्या युद्धात गेला. हॉलमध्ये फोटो आहे, पण ती त्याच्याबद्दल कधी बोलत नाही. आणि दरवर्षी हे गाणं लागलं की गुडघ्याचं निमित्त करून ती वर घरी जाते, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

मग कविता नीट वाचायला घेतली. एरवी आपण ती लताबाईंच्या आवाजात ऐकतो, अंगावर काटा येतो आणि तिथेच थांबतो. प्रसंग शाळेपासून पाठ: हाती आलेल्या बहलोलखानाला सोडलं म्हणून शिवाजी महाराज रागावले. ते शब्द जिव्हारी लागलेले सरनोबत प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ला नेसरीजवळ अवघ्या सहा जणांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. त्यांचं मरण सांगताना कुसुमाग्रज समुद्रात पडणाऱ्या उल्का आणतात, वणव्यात होरपळणारी पाखरं आणतात. प्रतिमा देखण्या, पण सोयीच्याही. जळून गेलं की संपलं. घरी पाठवायचं सामान उरत नाही.

कॉलेजात आम्ही विल्फ्रेड ओवेन वाचला होता, १९१८मध्ये युद्ध संपायला जेमतेम आठवडा असताना मारला गेलेला. त्याच्या कवितेतला विषारी वायू वाचून मी ठरवून टाकलं होतं, की आपल्याकडच्या युद्धकविता म्हणजे नुसता जोश.

साफ चुकले होते. शेवटच्या कडव्यात कुसुमाग्रज आकाशातून थेट जमिनीवर येतात. दगडांवर उमटलेल्या टाचा, ओढ्याच्या पाण्यातला लाल रंग, लांबवर उठलेली धूळ. एवढी वर्षं झाली तरी तिथंच. आणि वाऱ्यावर कुणीतरी शोकाचं गाणं म्हणतंय. कोण, ते सांगितलेलं नाही.

आजीला ते कडवं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "त्याची चप्पल होती घरी. सुट्टीवर आला की घालायचा. टाचेपाशी खोलगट झालेली. फौजेतनं ट्रंक आली, तिच्यातले कपडे आईनं वाटून टाकले. चप्पल नाही देऊ दिली मी. पाय घालून बघायचे. मोठी व्हायची."

रविवारी तिला घोरपडीच्या वॉर मेमोरियलला नेलं. लोकवर्गणीतून १९९८मध्ये उभं राहिलेलं. (पुण्यात राहून कितीजण गेलोय? मीही पहिल्यांदाच.) तिथं उल्का नाहीत, पाखरं नाहीत. दगडावर कोरलेली नुसती नावं. आजी एकेक नाव वाचत राहिली, अनोळखी मुलांचीसुद्धा. मी घाई केली नाही.

२६ला उल्का गाळल्या, टाचांबद्दल बोलले. गाणं लागलं. आजी जागची हलली नाही, असं लिहायला आवडलं असतं. पण ती उठलीच. शेवटचं कडवं सुरू झालं तेव्हा मात्र मी वळून पाहिलं, तर ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली होती, कठड्याला धरून.