पात्राच्या हाताला काम

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा परिसरातली नव्यानं लिहिणारी मुलं कथा वाचायला देतात. बहुतेक कथांत एक माणूस खिडकीशी उभा असतो. बाहेर पाऊस, आत आठवणी. त्या खिडकीतून केळीची बाग दिसते, हे मात्र कुणी लिहीत नाही. त्या माणसाला तिथून उठवून कापणी चाललेल्या बागेत न्यावं, असं मला फार वाटतं.

एक जण दांड्यावर विळा मारतो, दुसरा घड अलगद खांद्यावर झेलतो. फळाला खरचटलं की ते काळं पडतं, म्हणून घड तान्ह्या पोरासारखा न्यायचा. दांड्यातून चीक ठिबकत असतो. सदऱ्यावर त्याचा काळपट डाग पडतो आणि काही केल्या निघत नाही. या मजुराच्या गरिबीवर अर्धं पान लिहू नका. लग्नाला जायचंय आणि तो डाग नसलेला सदरा शोधतोय, एवढं लिहिलंत तरी पुरे.

कथेतली घाईसुद्धा बागेतच सापडते. लावणीपासून वर्षभर, कधी त्याहून जास्त जपलेला माल कापणीला येतो आणि व्यापारी जाहीर झालेल्या बोर्डाच्या भावापेक्षा कमी भाव सांगतो. थांबावं, तर फळ झाडावरच पिवळं पडू लागतं आणि मग त्याला दूरच्या बाजाराचं गिऱ्हाईक उरत नाही. त्यात जूनचं वादळ आलं, तर उभी बाग एका रात्रीत आडवी. शेतकरी बापाच्या मनात काळजीचे ढग दाटले, हे वाक्य आता कशाला हवं? तो सकाळी उठून घडाकडे बघतो, तिथंच वाचकाचा जीव टांगणीला लागतो.

कामातून शब्द कसे येतात ते जवळच बघा. कवयित्री बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांना गाणी सुचली. त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी ती जपली आणि 1952 साली, आईच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपानं आली. काम आणि शब्द तिथं वेगळे काढताच येत नाहीत. शेजारच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे 'कोसला' ही कादंबरी आली तेव्हा, 1963 साली, पंचविशीत होते. त्यांच्या वाक्यांची नक्कल करणारे पुढे पुष्कळ झाले. ती करू नका. गावाकडचा मुलगा पुण्यात शिकायला गेला तरी त्याचं गाव त्याच्या बोलण्यातून हलत नाही, हे त्यांनी कसं साधलं ते मात्र पुन्हा पुन्हा वाचा.

इतिहासावर लिहायचं असेल तर फैजपूर हाकेच्या अंतरावर आहे. 1936 साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथं झालं, अध्यक्ष नेहरू. पण कथा नेहरूंची नको. त्या गर्दीला पाणी पाजणाऱ्या माणसाची लिहा.

आणि संवाद मोठ्यानं वाचा. "कारे भो, कुठी चालला?" असं विचारणारा शेतकरी पुढच्याच ओळीत "मी अत्यंत व्यथित आहे" म्हणाला, तर कथा तिथंच मेली. पहिला खर्डा झाला की तो संपादकाकडे पाठवण्याआधी बागेत राबणाऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा. "असं कोन बोलतं?" म्हणून तो जिथं अडवेल, तिथं त्याच्याशी वाद घालू नका. वाक्य बदला.