देवगिरीचा तासलेला कडा

रोमन सैन्याचा तळ पडला, कीं शिपाईच कुदळी घेऊन खंदक खणीत आणि निघालेल्या मातीचा तट रचीत. देवगिरीची रीत निराळी. छत्रपति संभाजीनगराहून वेरुळास जातांना हा किल्ला लागतो. यादवांचा पांचवा भिल्लम यानें बाराव्या शतकाच्या अखेरीस येथें राजधानी वसविली. पायथ्याशीं बांधीव कोट आहेत. परंतु खरा तट म्हणजे सभोंवार तासलेला डोंगरच! सुमारें ५० मीटरांचा सरळ कडा, खालीं खडकांत खोदलेला खंदक आणि वर जाण्यास पोटांतून कोरलेली ‘अंधारी’. ऐन दुपारींही तेथें दिवा हवा.

अशा कामास चुना नको, जोड नको. नको तेवढा पाषाण छिन्नीनें काढावयाचा. मात्र चुकलेला घाव बुजवितां येत नाहीं, म्हणून आराखडा आधींच पक्का हवा. ही विद्या या प्रदेशास जुनीच. शेजारचें कैलास लेणें आठव्या शतकांत असेंच शिखराकडून खालीं कोरीत आणलेलें आहे.

इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हां रामदेवराव गडावर जाऊन बसला. कडा कोणी चढलें नाहीं. धान्याचीं म्हणून घाईनें वर नेलेलीं पोतीं मिठाचीं निघालीं, असें फिरिश्ता सांगतो. आणि राजास तह करावा लागला.