सरदेसायांचा मुलगा

आमच्या सौंसरात टी.व्ही. दोन भाषांत बातम्या देतो आणि दोन्हींत आम्ही नसतो. मुंबईच्या मराठी वाहिन्यांचा महाराष्ट्र सावनेरपुढे संपतो. भोपाळच्या हिंदी वाहिन्यांना आमची आठवण होते ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्यावर सावरगाव उभे राहते आणि गोटमार होते. कॅमेरे येतात, फुटलेली डोकी दाखवतात, संध्याकाळी परत जातात. बाकीचे 364 दिवस आम्ही संत्री पिकवतो, मुलींची लग्ने जमवतो, बँकेच्या रांगेत उभे राहतो. ते कुणी दाखवत नाही. 1956 साली राज्यांच्या वाटण्या झाल्या, नागपूर तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. तेव्हापासून दुसऱ्यांच्या बातम्या पाहणे हाच आमचा विरंगुळा. असो.

अशा गावात राजदीप सरदेसाई हे नाव आमच्या घरी नातेवाइकासारखे घेतले जाई, त्याचे कारण क्रिकेट. 1971 साली दिलीप सरदेसायांनी वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात 642 धावा केल्या. किंग्स्टनला 212. संघ निवडताना ज्यांचे नाव कसेबसे आत आले होते, त्यांनीच मालिका जिंकून देण्यात मोठा हात लावला. आमच्या बाबांना त्या धावा डाव-डावाप्रमाणे पाठ होत्या. पुढे टी.व्ही.वर चष्मा लावलेला, भराभर बोलणारा एक पोरगा दिसू लागला तेव्हा बाबांनी त्याचे नाव कधी घेतले नाही. ‘‘दिलीप सरदेसायांचा मुलगा आला पहा,’’ एवढेच म्हणत. मडगावच्या माणसाचा मुलगा दिल्लीत बसून देशाला प्रश्न विचारतो, याचे त्यांना भारी अप्रूप.

मुलाची कामगिरीही लहान नव्हती. ऑक्सफर्डला शिकून आलेला हा तरुण 1988 मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लागला, 1994 मध्ये एनडीटीव्हीत गेला. 2002 च्या गुजरात दंगलीतील त्यांच्या वार्तांकनाने त्यांना नावही दिले आणि कायमचे विरोधकही. 2005 मध्ये त्यांनी सीएनएन-आयबीएन ही वाहिनी काढली. 2008 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांच्या समूहाची मराठी वाहिनी, आयबीएन लोकमत, सुरू झाली. नागपूरचा ‘लोकमत’ आमच्याकडे सकाळच्या चहाबरोबर येतोच. त्याच नावाची वाहिनी आल्यावर बाबांना वाटले, आता सरदेसायांचा मुलगा सौंसरलाही येईल. तो काही आला नाही.

पण मला खरे सांगायचे आहे ते दोन प्रसंगांबद्दल.

पहिला त्याच 2008 चा. 22 जुलैला लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी भाजपच्या खासदारांनी नोटांच्या गड्ड्या फडकावल्या. त्या पैशाच्या व्यवहाराचे छुपे चित्रण या वाहिनीकडे होते. पण ते त्या दिवशी दाखवले गेले नाही. काम अपुरे आहे, तपासणी व्हायची आहे, असे वाहिनीचे म्हणणे. नंतर ते दाखवले, पण तोवर बोभाटा झाला होता. आमचे दादा पक्षाचे काम करीत. त्यांनी घरात एकच धोशा लावला : दाबून ठेवलं, दाबून ठेवलं. बाबा त्यांना म्हणाले, ‘‘बाहेरचा बॉल सोडला म्हणून काहून ओरडतं रे?’’ दादा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

दुसरा 2021 चा. तेव्हा बाबा नव्हते. 26 जानेवारीला दिल्लीत शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर मोर्चात एक शेतकरी मरण पावला. तो पोलिसांच्या गोळीने गेला, असे राजदीप यांनी ट्विट केले. मग पोलिसांनी चित्रफीत दाखवली. ट्रॅक्टर अडथळ्याला धडकून उलटला होता. ट्विट काढून टाकले गेले, पण सुटलेला शब्द कुठे परत येतो? ते तेव्हा ज्या वाहिनीत होते तिने त्यांना दोन आठवडे पडद्यावरून दूर ठेवले. अनेक राज्यांत गुन्हे दाखल झाले, त्यात आमच्या मध्य प्रदेशातही. राजद्रोहापर्यंतची कलमे लावली. अखेर 9 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अटकेला स्थगिती दिली.

म्हणजे पहा, 2008 मध्ये थांबले म्हणून शिव्या आणि 2021 मध्ये थांबले नाहीत म्हणून शिव्या. माझ्या मते दोन्ही सारखे नव्हेत. पहिल्या वेळी ते पत्रकारासारखे वागले. दुसऱ्या वेळी तीन दशकांचा अनुभव खिशात असून नवशिक्यासारखी घाई केली. ती चूक होती आणि कुणा माणसाच्या मरणाबाबत होती, म्हणून अधिक मोठी. पण तिला राजद्रोह म्हणणे हा दांडगेपणा. गंमत अशी की पाहणाऱ्यांना यातला फरक नकोच असतो. 2014 ची न्यूयॉर्कमधील ती धक्काबुक्की, हे ट्विट, एवढ्या दोन तुकड्यांवर माणूस ओळखला जातो. गोटमारीवरून आम्ही ओळखले जातो तसाच.

हे सगळे पुन्हा निघाले ते दादांच्या मुलीमुळे. बारावी झाली आणि तिने पत्रकारितेला जायचे ठरवले, तेही भोपाळला. दादांनी मला बोलावून घेतले. ‘‘तूच समजाव इले. शिव्या खायचा धंदा आहे हा. तुमच्या त्या सरदेसायाचं काय झालं पाहिलं नं?’’ वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या गहू निवडत होत्या, पण हात थांबला होता.

मी काही सांगण्याआधी पोरगीच म्हणाली, ‘‘काका, त्यायनं फोन करून विचारलं असतं तर किती वेळ लागला असता?’’ दादांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, दहा मिनिटे, फार तर अर्धा तास. ‘‘मग तेवढाच शिकायला जातो मी,’’ ती म्हणाली.

ती गेली. पहिल्या सत्रात गावाकडची बातमी आणायला सांगितली तेव्हा दिवाळीच्या आधी दोन दिवस घरी येऊन ती आंबिया बहाराची फळगळ पाहायला बागांतून हिंडली. सहा शेतकऱ्यांना विचारले, सातव्याकडे दादा स्वतः मोटारसायकलवर घेऊन गेले. वाटेत ते तिला म्हणत होते, झाडामागचा आकडा दोनदा विचार, हे लोक वाढवून सांगतात.